दुसरी डबी

“अक्षरा कोण?”

सिस्टरांनी उंबऱ्याबाहेरूनच विचारलं. तोंडाला मास्क होता. परवा खोकणाऱ्यांना थुंकीच्या डब्या द्यायला आल्या, तेव्हा तो नव्हता.

दाराजवळच्या खाटेवरून अक्षराने हात वर केला, वर्गात करतात तसा. ती किल्लारीची. नीटच्या क्लाससाठी लातूरला आली तेव्हा तिने दाराजवळचीच खाट मागून घेतली होती. भूकंपापासून त्यांच्या घरात सगळे दारापाशी झोपतात, असं म्हणाली होती. खिडकीखालच्या खाटेवर देविका बायोलॉजीचं पुस्तक मांडीवर घेऊन बसली होती. तिने पान उलटलं नाही.

“तुझा रिपोर्ट आलाय. टीबी हाय.”

मागे उभ्या असलेल्या घरमालकीण गुरम्माकाकूंनी पदर नाकाला लावला. “आजच्या आज गाडीत बसवते हिला. बोभाटा झाला तर एक पोरगी टिकंल का माझ्या घरात?”

“कुठं पाठवायची न्हाई तिला,” सिस्टर म्हणाल्या. “गोळ्या घेतल्या की बरी होती. परवा तुम्हीच म्हणलात ना, आमच्यात कुणी खोकत न्हाई? आतनं खोकला ऐकू आला म्हणून डबी दिली मी. गल्लीभर हेच. मग दवाखान्यात मरायला येतात ते कुठले?”

अक्षरा सिस्टरांकडे बघत नव्हती. देविकाकडे बघत होती.

परवा न्हाणीघरात अक्षरा डबी हातात धरून रडत होती. कितीतरी दिवस उशीत तोंड खुपसून खोकत होती. काकूंना आजार कळला तर घरी जावं लागेल, आणि परीक्षा तोंडावर आलेली. “दे इकडं,” देविका हसून म्हणाली होती. “मला कुठं खोकला आहे? सकाळी घसा खाकरला की निघतं थोडं, धुळीचं. तेच जाऊ दे तुझ्या नावावर.”

कालच्या टेस्टमध्ये क्षयावर एक प्रश्न होता. देविकाचा बरोबर आला होता.

तिने सावकाश श्वास आत घेतला. काही दुखलं नाही. कुठंच काही दुखत नव्हतं. तिने पुस्तक मिटलं.

सिस्टर आत आल्या. गोळ्यांचं पाकीट अक्षराने घेतलं आणि देविकाकडे बघून किंचित मान हलवली. म्हणजे, बोलू नको, गोळ्या मी देते तुला. मग तिने तोंड उशीत खुपसलं. खोकला बराच वेळ थांबला नाही.

“हिच्यासोबत राहतीस ना? तुझी पण तपासू,” म्हणत सिस्टरांनी देविकापुढे रिकामी डबी धरली.

देविकाने ती घेतली. दुसरा हात पुढे केला.

“आणखी एक द्या.”

“कुणाला गं?”

“अक्षराला.”

“तिची झाली की.”

“नाही.” देविकाने घसा खाकरला. “तिची व्हायचीय अजून.”