थांबवलेली पपई

परसातल्या पपईचा घेर सलग चौदा महिने एक्केचाळीस सेंटिमीटर होता. कुमुदने आजही टेप लावून पाहिला. या वाणाचं फळ नोंदवलेल्या आवाजाने सांगितल्याशिवाय पिकत नसे. या झाडासाठी नोंदवलेला आवाज कुमुदचा होता, आणि झाडाचं पहिलं फळ लेकीने माहेरी येऊन कापायचं, असं तिने ठरवलं होतं.

“पानं गळताहेत बघ,” तिचा नवरा हेमंत म्हणाला. “आणखी रोखलंस तर झाडच जाईल. पपई आहे ती, लोणचं नव्हे!”

“ऋजुता दिवाळीत येते म्हणालीय.”

“कुठल्या दिवाळीत?”

कुमुद टेप गुंडाळू लागली. तेवढ्यात ऋजुताचाच फोन आला.

“आई, यंदाही नाही गं जमत. पपई आहे ना अजून?”

“आहे.”

“मग थांबेल की ती!”

आपल्याला राग आलाय की हायसं वाटतंय, हे कुमुदला कळेना. झाडाची नवी फुलंही फळ न धरताच खाली पडली होती. फोन तसाच सुरू ठेवून तिने फळावर तळवा टेकला.

“पिकलीस तरी चालेल हो,” ती पपईला म्हणाली. “आम्ही दोघं खाऊ.”