बाटलीवरचं नाव

शलबीची कुदळ पहिल्याच घावात दाराची कडी घेऊन गेली. दुसऱ्या घावात कपाटाची काच फुटली. पेंढ्यावर बुरशीचे प्रयोग चालत त्या शेडमधले गडी बाहेर पळाले. ते प्रयोग करणारी डॉक्टरीण इन्साफ तेवढी आडवी आली. त्यानं तिला ढकललं, ती टेबलाच्या कोपऱ्यावर आपटली आणि कपाळातून रक्ताची धार लागली. हा बाबा थांबेल तर शपथ. पेंढ्याचे ट्रे, बुरशीच्या बाटल्या, हाताला लागेल ते फोडत सुटला. जंतू मारायच्या औषधाचं पिंपही त्यानं लाथेनं उलथवलं.

कारण काय, तर सकाळी चहाच्या दुकानात शेडमधले दोन गडी बोलत होते. नबविया तीन दिवसांत भाताचा पेंढा फस्त करते म्हणे. नबवियाला ऊब लागते म्हणे. ऐकणारे फिदीफिदी हसले. नबविया म्हणजे शलबीची बायको, दोन वर्षांपूर्वी वारलेली. नाईलकाठच्या त्या गावात घरच्या बाईचं नाव चारचौघांत घेत नाहीत. बावीस वर्षांच्या संसारात शलबीनं स्वतःही तिला मुलाच्या नावानं 'रमदानची आई' अशीच हाक मारली होती.

शेवटच्या बाटलीवर 'नबविया' लिहिलेलं होतं; ती त्यानं भिंतीवर आपटली. तिच्यातल्या बुरशीची हिरवी भुकटी त्याच्या बाहीवर उडाली. त्यानं इन्साफच्या डोक्यावर कुदळ उगारली. "माझ्या बायकोचं नाव कुणी लिहिलं?"

"तिनंच लिहायला लावलं, शलबीभाऊ." इन्साफ जागची हलली नाही. "तुमच्या घरामागचा बुरशी धरलेला कुजका पेंढा तीच घेऊन आली होती. पेंढ्याची साखर करणारा रस तिच्या बुरशीइतका कुणाच्याच बुरशीतून निघाला नाही. त्या साखरेचं इंधन होतं. मी बाटलीवर 'रमदानची आई' लिहायला घेतलं. ती म्हणाली, जन्मभर तेच ऐकलं, एकदा माझं नाव लिही."

कुदळ खाली आली. जमिनीवर औषधाच्या पाण्यात सगळं पांढरंफटक पडलं होतं. तिचं म्हणून जिवंत राहिलेलं एवढंच होतं आणि तेही त्यानं आपल्या हातानं मारलं होतं. शलबीला हुंदका आवरेना. डोळे पुसायला त्यानं बाही वर नेली.

"हात हलवू नका," इन्साफ म्हणाली. "बाहीवरच्या भुकटीतून ती बुरशी पुन्हा वाढेल."

तिनं कपाटामागून एक धड बाटली शोधली. बाहीवरची हिरवी भुकटी हलकेच खरवडून तिच्यात घेतली. शलबी हात पुढं करून लहान पोरासारखा उभा होता. दारात अर्धं गाव जमलं होतं, ते दोन गडीसुद्धा.

इन्साफनं बूच लावलं, पेन उचललं आणि विचारलं, "काय नाव लिहू?"

शलबीनं दाराकडं पाहिलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "नबविया."