ताऱ्यांची दुर्बीण

ल्हेंदुप आजोबांनी बाण सोडला. मैदानाच्या टोकाला, निशाणाच्या फळीपाशी त्यांच्या संघातले सवंगडी हात उंचावून नाचू लागले. बाण लागला की भूतानमधल्या पारोत असंच नाचतात. “लांबचं दिसेना, तरी हात चुकत नाही,” कमरेला खोचलेले बक्षिसाचे रंगीत रुमाल कुरवाळत ते नातीला म्हणाले. तिनं थिंफूहून तारे बघायला छोटी दुर्बीण आणली होती. “मग बघा ना आजोबा, कुठे लागलाय!” आजोबांनी डोळा लावला. बाण फळीपासून चार हात लांब चिखलात रुतला होता. समोरच्या संघातला, जन्मभर त्यांना चिडवत आलेला फुंत्शो तो उपटून हळूच फळीत खोचत होता आणि बाकीचे जीव तोडून नाचत होते. “दिसला?” नातीनं विचारलं. आजोबांनी झटकन दुर्बीण आभाळाकडे वळवली. “छे! ताऱ्यांनाच ठीक ही. जमिनीवरचं काही दिसत नाही,” म्हणत तेही नाचू लागले.