आतले धागे

माउसच्या वायरीनं सावळीरामनं रेवतीची पाठ कैकदा सोलली होती, आणि काल तर रागाच्या भरात ती वायरच कोयत्यानं तोडली. आज पोरीनं नवी बनवली. पॅराशूटला लावतात त्या मजबूत पॅराकॉर्ड दोरीतले सातही धागे ओढून काढले, पोकळ आवरणात बारीक तारा ओवल्या आणि सोल्डर करून माउसला जोडल्या. तेवढ्यात बाप झेंडूच्या मळ्यातून आला. "परत गेम?" म्हणत त्यानं माउस मुठीत आवळला आणि वायर तिच्या पाठीवर सपासप ओढली. फटक्यामागून फटके पडले, पण रेवतीच्या तोंडून हूं की चूं निघेना. शेवटी धापा टाकत त्यानं विचारलं, "लागत नाय का गं तुला?" "दोरीचा सगळा जोर आतल्या धाग्यांत असतो, नाना. ते मी काढलेत." उशीखालून तिनं त्याच सात धाग्यांची गाठाळ वेणी काढली, हाताला गुंडाळली आणि दाराला आतून कडी घातली.