झाकणाच्या कडेची रेघ

"इथे गोंद ओघळलाय," तपासनीस म्हणाले आणि त्यांनी भिंग युद्धनौकेच्या मागच्या डेकवर स्थिर धरले.

कारागिराच्या सहा वर्षांच्या परिश्रमांत त्यांना सापडलेला हा पहिलाच दोष होता. प्रतिकृती मूळ नौकेच्या बरोबर शंभराव्या हिश्शाची होती. तोफांच्या नळ्या इंजेक्शनच्या सुयांच्या होत्या. कठड्यांच्या तारा जळालेल्या पंख्याच्या गुंडाळीतून काढल्या होत्या, आणि दोरखंडांसाठी त्याच्या वहिनींच्या शिवणयंत्रावरचा धागा मेण लावून वळला होता. संग्रहालयाचे तपासनीस सकाळपासून एकेक भाग नकाशाशी ताडून पाहत होते. प्रत्येक वेळी त्यांनी समाधानाने मान डोलावली होती.

"यंत्रघरातून आणीबाणीत वर येण्याचं झाकण आहे ना हे? त्याच्या कडेने गोंद फुगलाय. ब्लेडने खरवडून टाका. पाच मिनिटांचं काम."

म्हातारा कारागीर टेबलाच्या टोकाशी उभा होता. हयातभर त्याने गोदीत वेल्डिंग केले होते. त्याने ब्लेड उचलले नाही.

खिडकीपाशी वहिनी बसल्या होत्या. त्या खिडकीचे गज, दारामागची मांडणी, त्यांच्या बुडाखालची खुर्ची, सर्व काही या कारागीर दिरानेच जोडले होते. तो डावखुरा असल्यामुळे सांधा संपवताना त्याचा हात डावीकडे झटका घेई आणि लोखंडावर एक बारीक शेपूट उमटे. त्याचे थोरले बंधू त्यावरून त्याची यथेच्छ थट्टा करीत. "सही येत नाही म्हणून गड्याने शेपूट काढलंय," असे ते पाहुण्यांना गज दाखवून सांगत.

ते थोरले बंधू याच नौकेवर यंत्रघरात कामाला होते. एकोणचाळीस वर्षांपूर्वी नौका बुडाली. यंत्रघरातून टेलिफोनवर त्यांचा शेवटचा आवाज आला होता, "चाक फिरतंय, पण झाकण उघडत नाही." चौकशी समितीने निष्कर्ष काढला की, सदर इसमाने घाबरून झाकणाचे चाक उलटे फिरवले आणि स्वतःसह सत्तावीस जणांचा प्राण घेतला. तेव्हापासून या घराला लोक उलट्या चाकाचे घर म्हणत. मृतांच्या आया वहिनींना पाहून रस्ता बदलत. वहिनी कोणाला दोष देत नसत. "ते घरातला नळसुद्धा उलटा पिळायचे, असं आता मलाही वाटायला लागलंय," एवढे एकदाच त्या हसून म्हणाल्या होत्या आणि नंतर दोन दिवस जेवल्या नव्हत्या. दिराने लग्न केले नाही. त्याने त्यांना सांभाळले. दीर असावा तर असा, असे तेच लोक म्हणत.

तपासनिसांनी पिशवीतून छापील फलक काढून नौकेच्या बैठकीला टेकवून पाहिला. त्यावर ते चाक होते, ती घबराट होती आणि बंधूंचे संपूर्ण नाव होते. वहिनींनी तो वाचला व पदर सारखा केला.

"चला, तेवढी कड साफ करा, म्हणजे आजच नौका नेता येईल. प्रतिकृती अचूक हवी."

"अचूकच आहे, साहेब," कारागीर म्हणाला. "तो गोंद नाही. वेल्डिंग आहे."

"नकाशात नाही ते."

"नकाशात कसं असेल? बुडण्याआधीच्या शेवटच्या दुरुस्तीत झाकणाचं रबर आलं नव्हतं. आत पाणी झिरपायचं. मुकादम म्हणाला, चार दिवसांसाठी वेल्ड करून टाका, रबर आलं की कापू. एका वेल्डरने वेल्ड केलं. वर खडूने लिहिलं, 'कापणे आहे'. मग तो तापाने पडला. रंगाऱ्याने खडूवरूनच राखाडी रंग फिरवला आणि नौका निघून गेली."

तपासनिसांनी पुन्हा भिंग लावले. चाक जागच्या जागी होते. झाकणही होते. आणि झाकणाच्या चहूबाजूंनी ती केसाएवढी रेघ अखंड फिरली होती.

"म्हणजे चाक सरळ फिरवूनसुद्धा..."

"सरळच फिरवलं असणार त्यांनी."

वहिनींनी खुर्चीचा हात घट्ट धरला.

"हे फार गंभीर आहे," तपासनीस सावकाश म्हणाले. "मी फलक थांबवू शकतो. पण ऐकीव गोष्टीवर नाही. त्या वेल्डरची साक्ष लागेल. कोण होता तो?"

कारागिराने नौकेच्या पुढच्या टोकावरची नसलेली धूळ बोटाने पुसली.

"मेला तो," तो म्हणाला.

"मग फलक आहे तसाच राहील. नाइलाज आहे माझा."

"जरा ते भिंग द्या," वहिनी म्हणाल्या.

त्या टेबलापाशी आल्या. भिंग डोळ्याशी धरून त्यांनी ती रेघ आरंभापासून न्याहाळली. झाकणाला पूर्ण वळसा घालून रेघ जिथे संपत होती, तिथे एक सूक्ष्म शेपूट डावीकडे वळले होते.

त्यांनी भिंग खाली ठेवले. त्या खिडकीपाशी गेल्या आणि गजाच्या सांध्यावरून त्यांनी एकदा अंगठा फिरवला. दिराकडे त्यांनी पाहिले नाही.

"लिहून घ्या, साहेब," त्या म्हणाल्या. "मेला नाही तो. एकोणचाळीस वर्षं माझ्या हातचं जेवतोय."