न अडखळता तीन मिनिटं

सरकारने राष्ट्रीय प्रार्थना दिन पाळणं कसं चूक आहे, यावर नेब्रास्कातल्या आपल्या गावच्या नगर परिषदेत लोवेल ठरलेली तीन मिनिटं बोलला आणि एकदाही अडखळला नाही. स्वतःचं नाव सांगतानाही त त प प करणारा माणूस! आपल्यातल्या एवढ्या मोठ्या वक्त्याला आपण जन्मभर उगाच कोंडून ठेवलं, अशा ऐटीत तो खुर्चीवर येऊन बसला.

प्रार्थना दिनाचा सगळा घाट घालणाऱ्या व्हर्नाबाई शेजारीच होत्या. “मुद्दा चुकीचा, पण बोललास झकास हो! चर्चमधल्या आम्ही पाचजणी सकाळपासून गुडघे टेकून बसलो होतो, तुझी जीभ अडखळू नये म्हणून.”

हा निव्वळ योगायोग आहे, असं लोवेलला ठणकावून सांगायचं होतं.

“यो... यो... यो...”

व्हर्नाबाईंनी घड्याळाकडे पाहिलं.

“अरे देवा! आम्ही मागताना तीनच मिनिटं मागितली.”