बरोबर उत्तर

मोरेश्वरकाकांनी कागद पुढे सरकवला आणि पद्मजाला हसू आवरेना. कागदावरची चूक तिच्या चांगल्याच ओळखीची होती. गेल्या महिन्यात कुकर होईपर्यंत ओट्याशी उभ्या उभ्या तिनेच ती पकडली होती.

"सावकाश बघ," काका म्हणाले. "प्रश्न टफ आहे. या बगने आमच्या टीमला फार छळलंय."

मॉरिसव्हिलच्या मराठी मंडळींत ते सगळ्यांचे काका. इथे मात्र नोकरी द्यायची की नाही हे ठरवणारा माणूस. पद्मजा वर्षानुवर्षं मुलाखतीच्या या खुर्चीची वाट पाहत होती. नाशिकच्या कॉलेजात कॉम्प्युटर सायन्स शिकवणारी बाई लग्न करून अमेरिकेत आली आणि डिपेंडंट व्हिसावर घरी बसली. बसली आपली लोकांच्या लेखी.

कारण नवऱ्याच्या, सिद्धेशच्या कंपनीने एक नवी फंक्शनल भाषा आणली आणि गड्याच्या नाकी नऊ आले. जन्मभर जावा लिहिलेला माणूस, ती भाषा त्याच्या पचनीच पडेना. पद्मजाला मात्र ती पाहताक्षणी आवडली. दुपारभर ती कोड लिहायची आणि सकाळी सिद्धेश तो ऑफिसात आपल्या नावावर चढवायचा. आयत्या पिठावर रेघोट्या ओढत साहेब टीम लीड झाले. पद्मजाने कधी कुरकुर केली नाही. "तुझं ईएडी येऊ दे, मग तूही आमच्याच कंपनीत लाग," असं तोच तर म्हणायचा. काम करायचा तो परवाना या वसंतात एकदाचा आला. आज सकाळी सिद्धेशनेच तिला गाडीतून सोडलं. "डोन्ट वरी यार, तुला सगळं येतं," म्हणाला. खोटं कशाला सांगा, तिला तेव्हा त्याची फार माया आली.

"काका, खालच्या कोडमध्ये काही चूक नाही," ती म्हणाली. "चूक या वरच्या दोन ओळींत आहे. बिलिंगची सगळी नावं, अख्खी नेमस्पेस, आधी इम्पोर्ट केलीय, शिपिंगची नंतर. दोन्हींत ॲड्रेस नावाचा क्लास आहे. एका घरात दोन शुभा असल्या तर कसं होईल? नुसतं शुभा म्हटलं की नंतर आलेली ओ देणार. इथे नवा पत्ता बनवायला कन्स्ट्रक्टरला हाक मारली बिलिंगच्या, धावत आला शिपिंगचा. दोघांना आत लागते ती माहिती एकच, म्हणून एररही येत नाही. सगळी नेमस्पेस आत ओढायचीच नाही. कन्स्ट्रक्टरला पूर्ण नावाने हाक मारायची, की झालं."

बोलताना तिचा आवाज कॉलेजातल्यासारखा लागला होता. किती दिवसांनी कुणीतरी तिचं ऐकून घेत होतं! काकांनी पेनला टोपण लावलं.

"अगदी बरोबर," ते म्हणाले. "सिद्धेशने मीटिंगमध्ये हेच सांगितलं होतं. शब्दन् शब्द. फक्त तुझ्या दोन शुभा आहेत ना, तिथे त्याने दोन मेरी घातल्या होत्या."

पद्मजाचे कान तापले. "काका, ते उत्तर..."

पुढचं वाक्य तिने गिळलं. ते उत्तर माझं आहे म्हणावं, तर सिद्धेशची नोकरी आजच्या आज जाणार. नोकरीबरोबर ग्रीन कार्डचा अर्ज जाणार, आणि त्याच अर्जाच्या जोरावर तर तिला हा परवाना मिळालेला. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हा. पण एक वाट अजून उरली होती. तिला येतं की नाही, हे बघायला उत्तराचा मालक कोण हे कशाला कळायला हवं?

"काका, हा प्रश्न सोडून द्या. दुसरा विचारा. कुठलाही, अगदी आत्ता मनात येईल तो. मी इथे बोर्डवर लिहून दाखवते."

"काय उपयोग पद्मजा? माझे सगळे प्रश्न सिद्धेशला ठाऊक आहेत. तोही पाठच असणार."

"पाठ?"

काकांना तिची दया आली असावी. ते खुर्चीत पुढे सरकले.

"हे बघ, रागावू नकोस त्याच्यावर. काल सिद्धेश आपण होऊन माझ्या केबिनमध्ये आला. म्हणाला, 'काका, माझी बायको आहे म्हणून सूट देऊ नका. तिला यातलं खरं काही येत नाही, घरी मीच सगळं पाठ करून घेतलंय. ॲड्रेसचा बग विचारून बघा, घडाघडा म्हणून दाखवेल.'"

काकांनी टेबलावरचा तिचा हात मायेने थोपटला.

"नशीब काढलंस पोरी. बायकोसाठीसुद्धा खोटं न बोलणारा नवरा मिळालाय तुला."